सीमेवरची विहीर

शास्त्रपाठ : योहान 4:1-42

(खासबाग, बेळगाव येथील एका घरगुती उपासनेत केलेले प्रवचन)



'सीमा' हा शब्द आपल्या भागात नवा नाही. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी हा प्रदेश त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून हा शब्द आपल्या घराघरांत, चौकाचौकांत बोलला जातो. आज त्या वादाविषयी मला काही सांगायचे नाही. आपण वाचलेल्या अध्यायातही एक सीमा आहे, आणि त्या सीमेवर एक विहीर आहे. तिच्या काठी आपला प्रभू थकून बसला होता. सुवार्ता दुसऱ्यापर्यंत कशी पोहोचते, हे त्या विहिरीपाशी आपल्याला शिकावयाचे आहे.

प्रभूने वाट टाळली नाही

यहूदीयातून गालीलात जाण्यास जवळचा रस्ता शोमरोनातून होता. परंतु यहूदी व शोमरोनी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. म्हणून पुष्कळ यहूदी लोक यार्देन ओलांडून लांबचा वळसा घेत, पण शोमरोन्यांच्या गावात पाऊल टाकीत नसत. योहान मात्र सांगतो की प्रभूला शोमरोनातून जाणे भागच होते. भाग का होते? रस्त्यासाठी नव्हे. सूखार गावातील एका स्त्रीला त्याची गरज होती, म्हणून.

आपल्या गावाचा इतिहास पाहा. 1818 साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि येथे लष्कराची छावणी झाली. दोनच वर्षांनी, 1820 मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून बेळगावास आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. त्या काळी बेळगावची छावणी इंग्रजी अमलाखाली होती, पण तिच्या शेजारचे शहापूर सांगली संस्थानाचे होते, आणि 1948 पर्यंत ते तसेच राहिले. म्हणजे छावणीतून निघून शहापूरच्या पेठेत शिरणारा माणूस थोडे अंतर चालताच दुसऱ्या राज्यात जात असे. सीमा तेव्हाही येथेच होती, आपल्या दाराशी होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. हे मिशनरी ज्या काळात आले, त्या काळात त्यांच्या मागे परक्या राज्याची छाया होती. लोकांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले असेल तर त्यात नवल नाही. तो संशय भाषणांनी जाणारा नव्हता. त्यांनी मराठी आणि कानडी शिकून घेतली, शाळा काढल्या, आणि वर्षानुवर्षे ह्याच मातीत ते राहिले. आज बेळगावात उभे असलेले बेनन-स्मिथ हायस्कूल विल्यम बेनन व जेम्स स्मिथ ह्या दोघांची नावे धारण करून आहे. लंडन मिशनने येथील काम 1904 मध्ये मेथॉडिस्ट मंडळीकडे सोपविले. मिशनची नावे बदलली, राज्ये बदलली, परंतु उपासना थांबली नाही.

आता आपल्याकडे पाहू या. आपल्याला समुद्र ओलांडावयाचा नाही. मराठी आपल्या घरची आहे, कानडी आपल्या गल्लीतली आहे. आपल्यापुढे एकच सीमा उरली आहे, ती म्हणजे आपल्या घराचा उंबरठा. शेजारच्या घरी कोणी आजारी आहे हे आपल्याला कळते, त्याच्या मुलाचे लग्न मोडले हेही कळते, पण आपण लांबचा वळसा घेतो. आपण चर्चला जातो, चर्चहून परत येतो आणि दार लावून घेतो. हळूहळू ख्रिस्ती मंडळी ही एक जात होऊन बसते. जन्माने यावे, लग्ने आपापसांत करावीत, सणावाराला एकत्र जेवावे, आणि बाहेरच्यांना आपल्याशी कर्तव्य नसावे! जातीच्या भिंती पाडावयास जी सुवार्ता आली, तिच्याच नावाने आपण नवी भिंत बांधू लागलो, तर आपण प्रभूला काय उत्तर देणार?

प्रभूने आधी पाणी मागितले

विहिरीपाशी प्रभूने प्रथम कोणता शब्द काढला? उपदेश केला नाही, चूक दाखविली नाही. त्याने प्यावयास पाणी मागितले. जिच्या हातचे पाणी यहूदी पीत नसत, तिच्याकडे तो ओंजळ पुढे करून बसला. देणारा स्वतः मागणारा झाला. ती स्त्री चकित झाली, आणि त्या नवलातूनच संभाषण सुरू झाले.

पाण्याचा अर्थ आपल्या देशात वेगळा सांगावा लागत नाही. कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावर येथे माणसे वेगळी केली गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरची हकीकत आपणांपैकी पुष्कळांनी वाचली असेल. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी आणि त्यांची चूल वेगळीच राहिली. टिळकांनी सक्ती केली नाही. ते वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार केला, स्वतःच सोवळे बाजूला ठेवले आणि स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे पदोपदी जाणवते की ही स्त्री कोणाच्या दबावाने ख्रिस्ताकडे आली नाही.

ह्यातून आपण एक नियम घ्यावा. भीती घालून, लोभ दाखवून किंवा दुसऱ्याच्या श्रद्धेची निंदा करून जे होते, ते सुवार्तेचे काम नव्हे. आज अशा गोष्टींचा आरोप आपल्यावर वरचेवर होतो. त्या आरोपाला रागाने उत्तर देण्यापेक्षा आपले वागणे स्वच्छ ठेवावे. रोग्याला औषध द्यावयाचे ते तो रोगी आहे म्हणून, मुलाला शिकवावयाचे ते त्याला शिकण्याची गरज आहे म्हणून. त्याने ख्रिस्ताला स्वीकारावे ही आपली प्रार्थना असू शकते, परंतु ती आपल्या मदतीची अट असू शकत नाही. प्रभूने त्या स्त्रीला पाण्याच्या मोबदल्यात काही देऊ केले नाही. जिवंत पाणी हे दान आहे, सौदा नव्हे.

आणि आधी मागावयास शिका. शेजारणीच्या घरी जाऊन तिच्या हातचा चहा घ्या. तिचे दुःख ऐका, तिच्याकडून चार गोष्टी शिका. ज्याच्याकडून आपण कधी काही घेतले नाही, तो आपण दिलेले का घेईल?

ती घागर टाकून गावात गेली

ती स्त्री भर दुपारी एकटीच पाण्याला आली होती. त्या वेळी इतर बायका विहिरीवर नसतात. लोकांना टाळण्याची तिला सवय झाली असावी. पण प्रभूशी बोलणे झाल्यावर तिने घागर तेथेच टाकली आणि ज्या लोकांना ती टाळत होती त्यांच्यामध्येच ती गेली. लपणारी उघड झाली. सुवार्तेचे काम येथून सुरू होते.

ह्या बाबतीत आपल्या बेळगावचाच एक मनुष्य आपला गुरू आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 साली बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. येथील मिशनच्या शाळेत ते शिकले, आणि तेथेच पवित्र शास्त्राशी त्यांची ओळख झाली. पुढे शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. त्या काळी मुंबईत परमहंस सभा नावाची मंडळी होती. जातिभेद मानावयाचा नाही, देव एक आहे, असे तिचे थोर विचार होते, परंतु तिच्या बैठका गुप्तपणे भरत. बंद दाराआड सर्व जातींचे सभासद एकत्र खात, आणि बाहेर पडले की पुन्हा आपापल्या जातीत मिसळत. बाबांचाही त्या सभेशी संबंध आला. पुढे 1860 च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. त्या विद्वान माणसांना नावे ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या काळी जातीबाहेर पडण्याची किंमत काय होती, हे आज आपल्याला समजणेही कठीण आहे. परंतु सत्य कळणे आणि सत्य कबूल करणे यांच्यामध्ये केवढा उंबरठा असतो, हे यावरून दिसते.

बाबांनाही तो उंबरठा चटकन ओलांडता आला नाही. ख्रिस्ताविषयी मनाची खात्री झाली होती, पण आईबाप, घरदार, जातभाई समोर उभे होते. पुष्कळ झगड्यानंतर 1854 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोठे घेतला? जेथे त्यांना कोणी ओळखत नव्हते अशा दूरच्या शहरी नव्हे. त्यांचा बाप्तिस्मा बेळगावात झाला, जेथे प्रत्येक दुकानदार त्यांच्या वडिलांना ओळखत होता. त्यांना आपल्या माणसांपासून तुटावे लागले. हे दुःख लहान नव्हते. 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाची ही सारी वाटचाल लिहून ठेवली आहे.

आणि नंतर काय झाले? बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, 1857 मध्ये, त्यांनी 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिचा विषय कोणता? हिंदू विधवांचे हाल. ज्या समाजाने त्यांना दूर केले, त्याच समाजातील सर्वांत दुःखी स्त्रियांसाठी त्यांनी लेखणी उचलली. 1906 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी शंभरावर लहानमोठी पुस्तके लिहिली, नव्या करारावर टीका लिहिली, नियतकालिके चालविली. ते ख्रिस्ती झाले म्हणून मराठी माणसाला परके झाले नाहीत.

आता आपला प्रश्न उलटा आहे. आपण जन्मापासून ख्रिस्ती आहोत, आपली नावे मंडळीच्या वहीत आहेत. तरी कचेरीत, कॉलेजात, कारखान्यात आपल्याबरोबर दहा-दहा वर्षे काम करणाऱ्याला आपण कोणावर विश्वास ठेवतो हे ठाऊक नसते. नाताळला केक मिळतो एवढीच त्याला आपल्या विश्वासाची माहिती. परमहंस सभेचे सभासद भीतीने लपले. आपण पुष्कळदा आळसाने व संकोचाने लपतो.

त्या शोमरोनी स्त्रीने गावात मोठे व्याख्यान दिले नाही. तिने आपल्याला काय झाले तेवढे सांगितले आणि एक प्रश्न विचारला, हाच ख्रिस्त असेल काय? लोक स्वतः विहिरीपाशी आले, त्यांनी स्वतः ऐकले, आणि शेवटी आपला विश्वास आता तिच्या बोलण्यावर टेकलेला नाही असे ते तिलाच म्हणाले. साक्ष देणाऱ्याला ह्याहून मोठे बक्षीस नाही. आपण मागे राहावे आणि माणूस प्रभूपाशी पोहोचावा.

तिचे नाव लिहिलेले नाही

ह्या अध्यायात त्या स्त्रीचे नाव नाही. सारे गाव तिच्यामुळे प्रभूला भेटले, पण तिचे नाव काय होते हे आपल्याला कळत नाही.

टिळकांच्या चरित्रातही असाच एक प्रसंग आहे. 1893 साली टिळक रेल्वेने राजनांदगावला जात होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांशी काव्याविषयी आदराने बोलणे केले, ख्रिस्ताविषयी बोलणे केले, आणि नव्या कराराची एक प्रत त्यांना दिली. टिळक ती वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला.  त्यांनी वाद घातला नाही. स्टेशन आल्यावर उतरून गेले. आज आपल्या 'उपासना संगीता'तील टिळकांची गीते आपण गातो, त्यांच्या मागे रेल्वेच्या डब्यातले ते एक संभाषण उभे आहे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बेळगावच्या शाळेत बाकावर बसलेला कासाराचा मुलगा पुढे कोण होणार, हे त्याला शास्त्र शिकविणाऱ्याला ठाऊक नव्हते. तुमच्या वर्गात सात मुले असतील, त्यांपैकी तीन उशिरा येत असतील आणि एक सारखे खिडकीबाहेर पाहत असेल. त्याच मुलाच्या मनात एखादे वचन पडून राहील आणि वीस वर्षांनी उगवेल. म्हणून पाठाची तयारी शनिवारी रात्री झोप येत असताना करू नका. मुलांना वचन पाठ करून घेण्याबरोबर, ते वचन शाळेतल्या मित्राला साध्या शब्दांत कसे सांगशील, हेही विचारा. त्यांच्या उत्तरावरून आपण काय शिकविले ते आपल्याला कळेल.

एकाने पेरावे, दुसऱ्याने कापावे

गावातले लोक येत असताना प्रभूने शिष्यांना शेते दाखविली, आणि पेरणारा वेगळा व कापणारा वेगळा हे त्यांना समजाविले.

गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईस आले. सरकार त्यांना परत पाठवू पाहत होते, तरी ते राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या, शास्त्राच्या भाषांतरात राबले. तेरा वर्षांत फळ फारच थोडे दिसले. 1826 च्या मार्चमध्ये ते नाशिकच्या बाजूस प्रवासाला गेले. तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे व पुस्तके त्यांनी वाटून दिली, आणि परतताना वाटेत त्यांनाच पटकी झाली. एका देवळाच्या ओसरीवर त्यांनी प्राण सोडला. वय अवघे 41. मुंबईत त्यांनी जे अमेरिकन मिशन सुरू केले, त्याच मिशनमध्ये जवळजवळ सत्तर वर्षांनी टिळक आले. हॉल साहेबांनी ते पाहिले नाही.

आपल्या निपाणीजवळच्या कोल्हापूरचेही एक उदाहरण आहे. तेथे 1852 साली रॉयल वाइल्डर यांनी मिशनचे काम सुरू केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. कुटुंब अमेरिकेस परतल्यावर रॉबर्ट व त्याची बहीण ग्रेस विद्यार्थ्यांमधून सेवक निघावेत म्हणून घरी प्रार्थना करीत. 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथील विद्यार्थ्यांच्या शिबिरात शंभर तरुणांनी मिशनरी कार्यासाठी नावे दिली, आणि त्यातून निघालेल्या चळवळीने पुढे हजारो माणसे जगभर पाठविली. ग्रेस स्वतः पुन्हा आपल्या भागात सेवेला आल्या. कोल्हापुरात वाढलेल्या मुलांची प्रार्थना कोठवर पोहोचली ते पाहा. सुवार्ता नेहमी दुसऱ्या देशातून आपल्याकडे येत राहावी असे नाही. ती आपल्याकडूनही निघाली पाहिजे.

खासबाग, शहापूर, वडगाव ही विणकरांची वस्ती. मागावर धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो आणि परत येतो. तो मध्येच परत फिरला तर काठ विणलाच जाणार नाही, आणि लुगड्याची पारख तर लोक काठावरूनच करतात. आपण काठावर राहणारी माणसे आहोत. दोन भाषा, दोन राज्ये आणि अनेक जाती जेथे भेटतात तेथे देवाने आपल्याला ठेवले आहे. ही अडचण आहे असे आपण समजतो. शोमरोनात बसलेल्या प्रभूने तिला संधी मानले.

म्हणून येत्या आठवड्यात तीन गोष्टी करू या. पहिली, एका शेजाऱ्याचे नाव घेऊन रोज प्रार्थना करावी. दुसरी, त्याच्या घरी जावे, किंवा त्याला आपल्या घरी बोलवावे. हातात पत्रके न घेता जावे, ऐकण्यासाठी जावे. तिसरी, त्याने विचारले तर प्रभूने आपल्यासाठी काय केले ते खरेखुरे, थोडक्यात आणि त्याच्या भाषेत सांगावे. तो कानडी बोलत असेल तर मोडक्या कानडीत सांगावे. मोडकी भाषा प्रेमाला अडवीत नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू शोमरोनाची वाट टाळली नाहीस, आणि आमचीही टाळली नाहीस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. ह्या गावी ज्यांनी पेरले, ज्यांची नावे आम्हांस ठाऊक आहेत आणि ज्यांची तुला एकट्यालाच ठाऊक आहेत, त्या सर्वांसाठी तुझी स्तुती असो. आमच्या उंबरठ्याचे आम्ही कुंपण केले, त्याची क्षमा कर. शेजाऱ्याच्या हातचे पाणी घेण्याइतकी नम्रता आम्हांला दे, आणि तुझे नाव घेण्याइतके धैर्य दे. आमच्या मुलांना आमच्याहून बरे साक्षीदार कर. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.